विठ्ठलवाडीकरांस जाहीर आवाहन : भिंतींचा भार उतरवा!



कल्याण पूर्वेतील सप्तशृंगी इमारतीत २० मे २०२५ रोजी चौथ्या मजल्यावर लादी बसविण्याचे काम चालू असता स्लॅब कोसळला, खालचे मजले भेदीत गेला आणि सहा जीव हकनाक गेले. आपण सर्व हळहळलो. तथापि गेल्या आठवड्यात येथल्याच एका जीर्ण इमारतीच्या दारी, गॅलऱ्या बंदिस्त करण्यासाठी लाल विटांचा ट्रक रिकामा होताना दिसला, आणि हरकत घेणाऱ्या आमच्या कार्यकर्त्यांस "भिंत कशी भक्कम हवी!" असे हसून सुनावण्यात आले, तेव्हा हे पत्रक काढणे प्राप्त झाले.

भक्कम म्हणजे जड, हा भ्रम आपण कधी सोडणार? दहा फूट लांब, दहा फूट उंच आणि चार इंच जाड अशा लाल विटांच्या भिंतीचे वजन गिलावा सोडून सुमारे पावणेदोन टन भरते. तीच भिंत ज्यास आपले गवंडी 'सिपोरेक्स' म्हणतात त्या सच्छिद्र हलक्या ठोकळ्यांची केल्यास सहाशे-साडेसहाशे किलोंत भागते. ही विद्या स्वीडनमध्ये १९२० च्या दशकात जन्मली आणि बांधकाम उद्योजक बी. जी. शिर्के यांनी ती पुण्यास आणून अर्धशतक लोटले. आणि आपण अद्याप तिला नवे खूळ म्हणतो!

शिवाय लाल वीट येते कोठून? आपल्याच जिल्ह्यातील भातखाचरांची सुपीक माती खरवडून, आणि दिवाळीपूर्वी घेतलेल्या उचलीपायी सहकुटुंब भट्टीवर राबणाऱ्या कातकऱ्यांच्या घामातून. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने संपली, असे आपण खुशाल मानतो. याउलट हलका ठोकळा औष्णिक केंद्रांच्या राखेपासून होऊ शकतो; ही राख वीट-ठोकळ्यांत वापरली जावी म्हणून केंद्र सरकारने १९९९ मध्येच अधिसूचना काढली होती.

हलक्या ठोकळ्यात खिळा टिकत नाही, म्हणे! योग्य प्लग वापरल्यास टिकतो. ठोकळा महाग, म्हणे! एक चार इंची ठोकळा सहा-सात विटांची जागा घेतो, हे हिशेबात कोण धरतो? खिळ्याची चिंता ज्यांस डोक्यावरच्या स्लॅबहून मोठी वाटते, त्यांच्याशी वाद काय घालावा?

आता कृती :

१. तीस वर्षांवरील इमारतीची संरचनात्मक तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. तिचा दाखला हाती येईपर्यंत एकही भिंत उभारू नका.

२. पुनर्विकासाच्या करारनाम्यात हलक्या ठोकळ्यांचे कलम लेखी घाला. तोंडी आश्वासन चालणार नाही.

३. मालासोबत भारतीय मानक २१८५, भाग ३ प्रमाणे चाचणीचा दाखला मागा.

४. ठोकळ्यांस त्यांचाच पातळ सांधा-मसाला वापरा. जुन्या सवयीने जाड सिमेंट थापून मग तडे गेल्याचा तगादा लावू नका.

५. हलका ठोकळा म्हणजे बेकायदा मजल्याचा परवाना नव्हे, हे ठेकेदारास बजावा.

आमचे मंडळ लहान आहे, वर्गणीवर चालते. तरी दर रविवारी घरोघर फिरून हा हिशेब मांडण्यास आमचे कार्यकर्ते थकलेले नाहीत. आपण केवळ एवढे करा : विटांचा ट्रक दारी येण्यापूर्वी आम्हांस बोलवा. तो रिकामा झाल्यावर नको.