नव्या गाडीची किल्ली मिळाली, पण गाडी समजली का?

नाशिक : दसरा-पाडव्याला शोरूमबाहेर गाड्यांची रांग लागते. हार, पेढे, चाकाखाली लिंबू, फोटो, सगळं होतं. गाडीतल्या बटणांची माहिती मात्र घाईत पाच मिनिटांत उरकली जाते. सातपूरच्या कारखान्यात गाड्या बनवणाऱ्या शहरात तरी हे चित्र बदलायला हवं. कारण आजच्या गाडीतल्या बऱ्याच सोयी जीव वाचवण्यासाठी आहेत आणि त्या माहीत नसतील तर त्यांचा उपयोग होत नाही.

गाडी ‘बीप’ का करते?
१ जुलै २०१९ पासून नव्या कारमध्ये ड्रायव्हर एअरबॅग, सीटबेल्टची आठवण देणारी यंत्रणा, वेगाचा इशारा आणि मागचे पार्किंग सेन्सर बंधनकारक आहेत. ताशी ८० किलोमीटरच्या वर अधूनमधून आणि १२० च्या वर सलग आवाज येतो. हा बिघाड नाही. तरी बेल्टचा आवाज नको म्हणून बकलमध्ये नुसती क्लिप अडकवणारे आहेतच. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ई-कॉमर्स कंपन्यांना अशा क्लिपची विक्री थांबवायला सांगितलं. बेल्ट नसेल तर वेगाने उघडणारी एअरबॅगच इजा करू शकते.

ब्रेक थरथरला तर?
एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या कारमध्ये एबीएस आहे. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला की पेडल थरथरतं, घरघर आवाज येतो. अनेक जण घाबरून पाय उचलतात आणि तिथेच चुकतं. पाय दाबूनच ठेवायचा. चाकं जाम होत नाहीत, त्यामुळे स्टिअरिंग वळवून अडथळा टाळता येतो.

घाटात ऑटोमॅटिक गाडी कशी उतरवायची?
ज्या गिअरमध्ये घाट चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम कसारा घाटात आजही लागू आहे. ऑटोमॅटिकमध्ये त्यासाठी ‘एल’ किंवा मॅन्युअल मोड असतो. ‘डी’मध्ये ठेवून सतत ब्रेक दाबला तर ब्रेक तापून त्यांची पकड कमी होते.

स्टिअरिंग आपोआप ओढलं जातं, ते काय?
ते ‘एडास’. काचेमागचा कॅमेरा आणि रडार लेनचे पट्टे, पुढची गाडी ओळखतात. समृद्धीवर पट्टे स्पष्ट असतात, तिथे ही यंत्रणा उपयोगी पडते. पंचवटीच्या गर्दीत किंवा इगतपुरीच्या पावसाळी धुक्यात तिच्यावर विसंबून चालत नाही. ती मदतनीस आहे, चालक नाही.

दिव्यांचे रंग काय सांगतात?
लाल म्हणजे सुरक्षित जागी लगेच थांबा. पिवळा म्हणजे लवकर तपासून घ्या. हिरवा-निळा म्हणजे फक्त माहिती. घोड्याच्या नालेसारख्या आकारात उद्गारचिन्ह दिसलं, तर टायरमधली हवा कमी आहे. रिमोटचा सेल संपला, तर बहुतेक स्मार्ट किल्ल्यांच्या आतच साधी किल्ली दडलेली असते.

मग जबाबदारी कोणाची?
ग्राहकाने मॅन्युअल वाचावं, हे खरंच. पण ते बहुतेकदा इंग्रजीत, शेकडो पानांचं आणि आता अनेकदा फक्त पीडीएफमध्ये असतं. सेकंडहँड गाडीबरोबर तर ते अनेकदा मिळतच नाही. घरातली गाडी वडील, मुलगी, कधी भाड्याचा ड्रायव्हरही चालवतो. त्यांनी कोणाला विचारायचं?

विक्रेत्याने डिलिव्हरीच्या दिवशी अर्धा तास प्रत्यक्ष गाडी चालवून दाखवावी, मराठीत चार पानी पत्रक द्यावं आणि ‘हे समजलं’ अशा यादीवर सही घ्यावी. लाखो रुपये मोजणाऱ्या ग्राहकासाठी हे फार नाही. तोवर ग्राहकानेच हट्ट धरावा : फोटो नंतर, आधी बटणं समजावून सांगा.