आजाराला नाव मिळण्यापूर्वीची वाट

प्लेगच्या धास्तीतून १८९७ साली जन्मास आलेल्या साथरोग कायद्याने वाटसरूस अडविण्याचा अधिकार सरकारच्या हाती दिला. परंतु ज्याला अडविता कामा नये अशा वाटसरूची आगाऊ तजवीज करणे हेही त्याच अधिकाराचे अंग आहे, याचा विसर पडला की काय होते, हे मार्च २०२० मधील कोविडच्या टाळेबंदीनंतरच्या महिन्यांत कर्करोगग्रस्त बालकांच्या बाबतीत दिसून आले.

चिपळूण तालुक्यातील, कोयना प्रकल्पाच्या वसाहतीमुळे नावारूपास आलेल्या अलोरे गावाहून मुंबईतील परळचे टाटा कर्करोग रुग्णालय अडीचशे किलोमीटरांच्या घरात आहे. एरवीही हा प्रवास म्हणजे चिपळूणपर्यंत एसटी, पुढे कोकण रेल्वे किंवा महामार्ग, आणि मुंबईत मुक्कामाची विवंचना. टाळेबंदीत रेल्वे थांबली, एसटी थांबली, जिल्ह्याच्या वेशीवर परवाना आवश्यक झाला; एसटीची आंतरजिल्हा वाहतूक २० ऑगस्टला सुरू झाली आणि ई-पासची अट सप्टेंबरमध्ये उठली. वैद्यकीय निकडीस मुभा होती, हे खरे. परंतु निकड सिद्ध करण्यास दाखला हवा, दाखल्यास निदान हवे, आणि ज्या मुलाच्या आजाराला अद्याप नावच मिळालेले नाही, त्याच्या आईबापांनी कोणता कागद पुढे करावा?

बालकांचा कर्करोग आरंभी फार सामान्य रूप घेऊन येतो. रक्ताच्या कर्करोगात मूल फिकट पडते, पाय दुखतात म्हणून रडते, अंगावर निळे डाग उमटतात, ताप उतरत नाही. डोळ्याच्या कर्करोगात बाहुलीत पांढरी चमक दिसते. साथीच्या दिवसांत तापाचा एकच अर्थ लावला जाई, आणि विलगीकरणाच्या भीतीने कित्येक घरे दवाखान्याची पायरी टाळीत. उपचार चालू असलेल्यांचीही कुचंबणा निराळी नव्हती: रक्ताच्या कर्करोगाचा उपचार दोन-तीन वर्षे चालतो; त्याच्या अखेरच्या दीर्घ टप्प्यात काही गोळ्या रोज, काही आठवड्यातून एकदा घ्याव्या लागतात, रक्तातील पेशी मोजून मात्रा ठरते, आणि पांढऱ्या पेशी घटल्या असता आलेला ताप काही तासांत प्राणावर बेतू शकतो. हे वेळापत्रक कोणत्याही सरकारी हुकुमाने पुढे ढकलता येत नाही.

देशातील ४१ कर्करोग केंद्रांच्या पाहणीत मार्च ते मे २०२० या काळात नव्या रुग्णांची नोंदणी आदल्या वर्षाच्या तुलनेत ५४ टक्क्यांनी घटली. ७९ देशांतील बालकर्करोग केंद्रांच्या पाहणीतही ४३ टक्के केंद्रांनी अपेक्षेहून कमी नवे रुग्ण आल्याचे, आणि ३४ टक्क्यांनी उपचार अर्धवट सोडण्याचे प्रमाण वाढल्याचे सांगितले. रोग तर टाळेबंदीत थांबला नव्हता. टाटा रुग्णालयाने त्या दिवसांतही दारे उघडी ठेवली, ही कृतज्ञतेने नोंदविण्याजोगी गोष्ट. परंतु उघड्या दारापर्यंत मूल पोहोचविणे हे रुग्णालयाचे नव्हे, शासनाचे काम आहे.

यासाठी मोठ्या खजिन्याची आवश्यकता नाही. उपचार चालू असलेल्या प्रत्येक मुलाची नोंद जिल्हा शल्यचिकित्सकांच्या दफ्तरी असावी. त्याच्या नावे वाहनाचा कायम परवाना आधीच तयार असावा. रक्ततपासणी व ठरलेली औषधे डेरवणच्या वालावलकर रुग्णालयासारख्या जवळच्या ठिकाणी, मुंबईच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने, मिळण्याची व्यवस्था असावी. आणि निदान व्हायचे असलेल्या मुलासाठी गावच्या आशाताईची किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याची चिठ्ठी हाच पुरेसा दाखला मानला जावा. २२ जुलै २०२१ च्या महापुराने चिपळूणची वाट पुन्हा रोखली, तेव्हा ही तरतूद केवळ साथीपुरती नाही, हेही उघड झाले.

संपन्न देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात, आणि २०३० पर्यंत जगभर किमान ६० टक्के मुले वाचावीत असे जागतिक आरोग्य संघटनेचे उद्दिष्ट आहे. ज्या आजारातून मूल वाचू शकते, त्यात ते केवळ वाटेत अडकल्यामुळे दगावले, तर तो दोष रोगाच्या माथी मारता येणार नाही. म्हणून या तरतुदीचा हुकूम साथ नसताना, आजच लिहिला गेला पाहिजे.