भावनांच्या परीक्षेचा परीक्षक कोण?

नोकरीच्या बाजारात अलीकडे एक नवे माप रूढ झाले आहे. त्याचे नाव भावनिक बुद्धिमत्ता. उमेदवाराने कोणती पदवी मिळविली, परीक्षेत किती गुण संपादन केले, नेमलेले काम त्याला येते की नाही, एवढ्यावर आता भागत नाही. तो आपल्या मनाला आवर घालू शकतो काय, दुसऱ्याचे मन ओळखतो काय, चारचौघांत मिसळतो काय, हे मुलाखतीत पाहून मगच त्याला आत घ्यावयाचे, असे मोठमोठ्या कंपन्यांचे भरती-अधिकारी सांगतात. वाचकहो, हे माप खरे की खोटे याचा निकाल लागावयाचा तेव्हा लागो. तराजू कोणाच्या हातात आहे, हे आपण आधी पाहिले पाहिजे.

ही कल्पना मुळात शास्त्राच्या घरची आहे. पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली ती मांडली. भावना ओळखणे, समजून घेणे व त्यांचे नियमन करणे ही एक क्षमता आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे १९९५ साली डॅनियल गोलमन यांचे पुस्तक निघाले आणि शास्त्रज्ञांची ही कल्पना बाजारात आली. बाजारात आलेल्या वस्तूत भेसळ होते, तशी हिच्यातही झाली. उत्साह, आत्मविश्वास, हसतमुखपणा, जुळवून घेण्याची वृत्ती, जे जे मालकाला आवडते ते ते या एका नावाखाली भरण्यात आले. शब्द शास्त्राचा राहिला आणि निवड मात्र आवडीनिवडीची झाली.

आता आपल्या पाटण तालुक्याकडे पाहा. मोरगिरी, ढेबेवाडी, तारळे या खोऱ्यांतील मुलगा शिकतो आणि नोकरीसाठी पुणे-मुंबईची वाट धरतो. त्याच्या घरी त्याला काय शिकविलेले असते? वडीलधाऱ्यांपुढे नजर खाली ठेवावी, विचारले तेवढेच बोलावे, आपल्या तोंडाने आपली स्तुती करू नये. आमच्या डोंगरात यालाच चांगले वळण म्हणतात. हाच मुलगा काचेच्या इमारतीतील मंडळापुढे बसला की त्याची खाली गेलेली नजर आत्मविश्वासाचा अभाव ठरते, त्याचे मोजके बोलणे संवादकौशल्याचा अभाव ठरते, आणि त्याच्या जिभेवरची सातारी बोली ऐकून मंडळावरील एखादे गृहस्थ गालातल्या गालात हसतात. त्या गृहस्थांची भावनिक बुद्धिमत्ता कोणी तपासली आहे काय?

स्वभाव पाहून माणूस घेण्याची ही रीत आपल्याला अपरिचित नाही. तिने आपल्याला एकदा चांगलेच पोळले आहे. १८१८ साली कोरेगावच्या लढाईत महार शिपाई लढले. पुढे इंग्रज सेनाधिकाऱ्यांनी लढाऊ जातींचा सिद्धांत काढला; अमुक जातीच्या स्वभावात शौर्य आहे, तमुक जातीच्या स्वभावात ते नाही, असे ठरविले आणि १८९० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच महारांची सैन्यभरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज तयार केला, १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी विनंतीपत्र पाठविले. स्वभाव मात्र बदलला नाही म्हणतात! पण महायुद्ध पेटले आणि १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले आणि १९२१ साली ती मोडण्यात आली. दुसरे महायुद्ध आले आणि १९४१ साली बेळगावात महार रेजिमेंट स्थापन झाली. एकाच समाजाचा स्वभाव पन्नास वर्षांत चार वेळा पालटला काय? पालटली ती सरकारची गरज. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले रामजी सकपाळ ज्या साताऱ्यात येऊन राहिले, आणि ज्यांचा मुलगा १९०० साली तेथील सरकारी शाळेत दाखल झाला, त्या साताऱ्याच्या लोकांना तरी हा इतिहास पुन्हा सांगावा लागू नये.

आणखी एक गोष्ट विचारात घ्या. दुसऱ्याचे मन ओळखणे ही जर बुद्धिमत्ता असेल, तर ती आमच्या आजा-पणजांइतकी कोणाजवळ होती? १९५८ च्या कायद्याने महारकीचे वतन संपेपर्यंत चावडीवर उभा राहणारा येसकर पाटलाची पावले वाजली तरी त्याचा राग-लोभ ओळखीत असे. ओळखावाच लागे, चुकला तर पाठीवर वळ उठत. मालकाला गुलामाचे मन ओळखण्याची गरज कधीच पडली नाही. मग शतकानुशतके ज्याला ही विद्या पोटासाठी शिकावी लागली, त्याच्याच नातवाला तिच्यात नापास करणारे हे परीक्षक कोण? खरे असे आहे की त्यांना ती विद्या नको आहे. त्यांना सहवासात अवघडल्यासारखे होणार नाही असा, आपल्यासारखा दिसणारा, आपल्यासारखे बोलणारा माणूस हवा आहे.

बडोद्याची हकिकत सर्वांस ठाऊक आहे. १९१७ साली कोलंबिया विद्यापीठातून शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे नोकरीवर रुजू झाले, तेव्हा शिपाई त्यांच्या टेबलावर कागद दुरून फेकीत आणि शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. पुढच्याच वर्षी ते मुंबईच्या सिडनेहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तर तेथील काही सहकाऱ्यांनी पाण्याच्या भांड्याला ते हात लावतात म्हणून हरकत घेतली. आजच्या भाषेत या दोन्ही ठिकाणचा अहवाल लिहावयाचा झाला तर कसा लिहिला जाईल? सहकाऱ्यांशी जुळवून घेता येत नाही, संघभावना कमी, असाच ना? अपमानाने आलेला संताप हा अपमानिताचा दोष म्हणून नोंदला जातो आणि अपमान करणारा मात्र शांत स्वभावाचा ठरतो.

हे केवळ जुन्या जखमा उकरणे आहे असे कोणी म्हणेल. त्याने २००७ साली प्रसिद्ध झालेले दोन अभ्यास पाहावेत. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी वृत्तपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठविले; फरक फक्त नावाचा. दलित नावाच्या अर्जाला पुढील पायरीवर बोलावणे येण्याचा संभव उच्चवर्णीय नावाच्या अर्जाच्या सुमारे दोनतृतीयांश निघाला. मुसलमान नावाची गत त्याहून वाईट. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्ली व परिसरातील भरती-अधिकाऱ्यांना गाठले. आम्ही जात पाहत नाही, गुणवत्ता पाहतो, असे ते सांगत. आणि उमेदवाराच्या घराण्याची पार्श्वभूमी विचारणे त्यांना अगत्याचे वाटे. वडील काय करतात? घरी किती माणसे? या प्रश्नांच्या उत्तरांतून जात कळत नाही असे समजणारा माणूस हिंदुस्थानात जन्मलेला नसावा.

मग शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकेला, शिक्षकाला, तक्रार घेऊन आलेल्या बाईपुढे बसणाऱ्या फौजदाराला दुसऱ्याचे दुःख कळावयास नको काय? अवश्य कळावयास हवे. फौजदाराच्या बाबतीत तर मी म्हणेन की अत्याचाराची फिर्याद घेऊन आलेल्या आपल्या बांधवाशी तो कसा वागतो, यावरच त्याची परीक्षा घ्या. परंतु गुण हवा असेल तर त्याची व्याख्या आधी करा. सर्व उमेदवारांना तेच प्रश्न विचारा, उत्तरांचे गुण कसे द्यावयाचे ते मुलाखतीपूर्वी लिहून ठेवा, कामाचा प्रत्यक्ष प्रसंग देऊन पाहा. अशी आखीव मुलाखत मोकळ्या गप्पांपेक्षा माणसाच्या पुढील कामाचा अंदाज अधिक बरोबर देते, हे मानसशास्त्रानेच दाखविले आहे. ज्यांना शास्त्राचा एवढा पुळका आहे त्यांनी शास्त्राचा हा भागही घ्यावा.

न्यायालयाला हा धोका फार पूर्वी दिसला. श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेशासाठी १५० पैकी ५० गुण तोंडी परीक्षेला होते, आणि दोन-तीन मिनिटांत आई-बाप, गाव विचारून विद्यार्थ्याला वाटेला लावीत. अजय हसिया प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे मनमानी ठरविले. तोंडी परीक्षेला १५ टक्क्यांहून अधिक गुण नसावेत असे म्हटले आणि मुलाखती ध्वनिमुद्रित केल्यास बरे, असेही सुचविले. १९८५ साली हरियाणाच्या नागरी सेवेच्या प्रकरणात तेच तत्त्व पुढे गेले. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून कनिष्ठ पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. खासगी कंपन्यांच्या दारात मात्र यांतील एकही नियम पोहोचत नाही, राखीव जागाही पोहोचत नाहीत, आणि नोकऱ्या तर दिवसेंदिवस त्याच दारातून मिळू लागल्या आहेत.

खासगी मालकावर असा नियम घालता येत नाही, हे म्हणणे पाटणच्या माणसाला तरी कोणी ऐकवू नये. मुंबईच्या बाजारात पाठीवर पोती वाहणाऱ्या माथाडींत सातारा जिल्ह्याचा भरणा मोठा. काम मिळणे न मिळणे व्यापाऱ्याच्या आणि मुकादमाच्या मर्जीवर असे. याच तालुक्यातील मंद्रुळकोळ्याच्या अण्णासाहेब पाटलांनी त्यांची संघटना बांधली (त्यांच्या साऱ्याच राजकारणाशी आपण सहमत असण्याचे कारण नाही) आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. मालक, कामगार आणि सरकार यांच्या प्रतिनिधींचे मंडळ आले, नोंदणी आली, मजुरी मंडळामार्फत मिळू लागली. मालक खासगीच होते. तरीही कायदा झाला.

आता तर माणसाची जागा यंत्र घेऊ लागले आहे. उमेदवाराचा चेहरा आणि आवाज टिपून त्याच्या भावना सांगणारी यंत्रे काही देशांत भरतीसाठी वापरण्यात आली. युरोपीय संघाने २०२४ साली केलेल्या कायद्यान्वये कामाच्या ठिकाणी यंत्राने माणसाच्या भावनांचा अंदाज बांधण्यास, वैद्यकीय व सुरक्षेची कारणे वगळता, २ फेब्रुवारी २०२५ पासून बंदी आहे. आपल्या विधिमंडळात बसणाऱ्या प्रतिनिधींनी हा कायदा वाचला आहे काय, असे पुढच्या निवडणुकीत त्यांना विचारावयास हरकत नाही.

तोपर्यंत आपल्या हाती जे आहे ते करा. सरकारी मुलाखतीत डावलले गेल्याचा संशय असेल तर २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली आपले गुण मागा. लेखी परीक्षेत वर आणि मुलाखतीत खाली, अशी उदाहरणे गावोगावच्या कार्यकर्त्यांनी वर्षावार जमवावीत. सुटा माणूस तक्रार करतो तेव्हा त्याला रडका म्हणतात, पन्नासांची यादी पुढे ठेवली की उत्तर द्यावे लागते. आणि आपल्यापैकी जे आज स्वतः निवड-मंडळावर बसतात, त्यांनी खाली नजर घालून बसलेल्या मुलाच्या कागदावर शेरा लिहिण्यापूर्वी त्याला दुसरा प्रश्न विचारावा.