भर वैशाखात ऊद

मे महिन्यातल्या कुठल्याही जुम्म्याला वाशीम, रिसोड किंवा मंगरूळपीरच्या मशिदीत खुतब्याच्या आधी जाऊन बसा. बाहेर पारा ४३-४४ वर. पत्र्याच्या शेडखाली शेवटच्या सफा भरत असतात, पंखे गरम हवाच ढवळत असतात, आणि त्या हवेत दहा-बारा प्रकारचे ऊद, मुश्क, अंबर एकमेकांशी भांडत असतात. खाली घाम असतोच. शेजारचा भाई खिशातून रोल-ऑनची बाटली काढतो, न विचारता आपल्या मनगटावर फिरवतो आणि म्हणतो, "लगाओ, सुन्नत है." पुढच्या सफेतले चाचा रुमाल नाकाला लावतात. खुतबा सुरू होतो, पण डोके ठणकत असताना तो कोणाच्या कानात शिरणार?

याला सुन्नत म्हणू नका. एवढेच आमचे म्हणणे आहे, आणि ते जरा लांबवर सांगावे लागणार आहे.

अत्तराशी आमचे वैर नाही. रसूलल्लाह (स.) यांना खुशबू प्रिय होती, कोणी भेट दिली तर ते परत करीत नसत, हे आमच्या घरातल्या पोरांनाही ठाऊक आहे. पण जुम्म्याच्या गुसलची गोष्ट आपण अर्धीच सांगतो. अबू दाऊदच्या संग्रहात इब्ने अब्बास यांची रिवायत आहे. लोक गरीब होते, लोकरीचे कपडे घालीत, पाठीवर ओझी वाहून पोट भरीत. मशीद अरुंद होती आणि छप्पर बुटके. एका उन्हाच्या दिवशी लोकांना त्या लोकरीत घाम फुटला आणि एकमेकांना एकमेकांचा त्रास होऊ लागला. तेव्हा रसूलल्लाहनी सांगितले, की या दिवशी आंघोळ करून या आणि जवळ असेल ते चांगले तेल, खुशबू लावा. म्हणजे हुकूम आला तोच मुळी उन्हाळ्यावरचा उपाय म्हणून. त्यात क्रम आहे: आधी पाणी, मग खुशबू. आणि हेतू आहे: शेजाऱ्याला त्रास होऊ नये. इब्ने अब्बास पुढे सांगतात, की नंतर अल्लाहने लोकांना बरे दिवस दाखवले, ते लोकरीऐवजी दुसरे कपडे घालू लागले, मशीद मोठी झाली आणि घामाचा तो त्रास बराचसा गेला. कपडा बदलला, जागा वाढली, त्रास गेला. अत्तर वाढवल्याने गेला असे कुठे म्हटलेले नाही.

कच्चा लसूण-कांदा खाऊन मशिदीत येऊ नका, ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. लसूण हराम नाही. तरी मनाई का? शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या नाकासाठी. मग जो वास दमेकऱ्याची छाती आवळतो, अर्धशिशीवाल्याला घरी पाठवतो, तो तीनशे रुपयांच्या सोनेरी झाकणाच्या बाटलीतून आला म्हणून सवाबाचा होतो काय?

आता थोडे उन्हाविषयी. अत्तर म्हणजे उडणारे तेल. उन्हात त्यातले हलके, ताजे अंश काही मिनिटांत उडून जातात आणि जड अंश अंगावर बसून राहतात. जे हिवाळ्यात दिवसभर हळूहळू उलगडते, ते वैशाखात एकदम अंगावर येते. घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. त्वचेवरचे जंतू त्याच्यावर काम करतात तेव्हा तो येतो. वरून ऊद चोपडला म्हणून जंतू थांबत नाहीत. दोन्ही वास मिळून तिसराच तयार होतो, आणि तो लावणाऱ्याच्या नाकाला कळत नाही, कारण एकाच वासाला नाक थोड्या वेळात सरावते. म्हणून माणूस आणखी लावतो. पांढऱ्या कुर्त्यावर पडलेले पिवळे-तपकिरी डाग आमच्या माताभगिनींनी घासून घासून बोटे झिजवली आहेत, तो हिशेब वेगळाच.

हा जड ऊद आपल्याकडे आला कुठून? दुबई-शारजाहून सुटीवर येणाऱ्या भावांच्या बॅगांतून. ते प्रेमाने आणतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण तिथला माणूस एसी घरातून एसी गाडीत आणि एसी गाडीतून एसी मशिदीत जातो. त्याच्या थंड खोलीत जी गोष्ट शोभते, ती मानोऱ्याच्या शेतातून मोटरसायकलवर आलेल्या माणसाच्या भिजलेल्या बनियनवर शोभेल, असे कोणी सांगितले? आणि गंमत अशी, की ज्याला आपण अरबी म्हणून कुरवाळतो ते ऊदाचे लाकूड अरबस्तानात पिकतच नाही. ते अगरूच्या झाडाचे. आसामात होते, आसामातले होजाई हे गाव या धंद्यासाठी प्रसिद्ध आहे आणि तो धंदा मुख्यतः आपल्याच लोकांच्या हातात आहे. आसामची वस्तू अरबी लेबल लावून आली की आपल्याला तिच्यात दीन दिसू लागतो.

बाटलीत खरा ऊद असतो तरी का? मुश्काचे घ्या. कस्तुरीमृगाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे. रस्त्यावरच्या पेटीत पन्नास रुपयांना मिळणारे 'मुश्क' कुठल्याही मृगाच्या नाभीतून आलेले नाही. चंदनाचे शुद्ध तेल किलोला लाखाच्या वर जाते. जुन्या पद्धतीने अत्तर काढताना कनौजचे कारागीर तांब्याच्या डेगेत फुले शिजवतात आणि भपक्यात चंदनाच्या तेलावर त्यांची वाफ उतरवतात. चंदन महागल्यापासून त्या जागी खनिज तेले आणि रसायने आली. रसायन म्हणजे विष, असे आम्ही म्हणत नाही. पण 'अल्कोहोल-फ्री' एवढे दोन शब्द वाचून आपण जी निश्चिंती मिळवतो, ती भाबडी आहे. द्राक्षे-खजुराच्या दारूचे अल्कोहोल आणि कारखान्यात बनणारे अल्कोहोल यांत फरक करून दुसऱ्याला सवलत देणारे मोठमोठे उलेमा आहेत. त्यावर वाद घालणारे आम्ही, बाटलीत अल्कोहोलच्या जागी काय भरले आहे, हे दुकानदाराला एकदाही विचारत नाही. त्वचेवर पुरळ उठली की मग नजर लागली म्हणतो. बर्गमॉट या लिंबाच्या जातीच्या फळाचे तेल मानेला लावून उन्हात हिंडले तर काळे चट्टे उठू शकतात, हे डॉक्टर सांगतील. अत्तरवाला सांगणार नाही.

आमच्या बापजाद्यांना हे सगळे ठाऊक होते, आणि त्यांनी प्रयोगशाळा पाहिली नव्हती. हकिमी हिशेबात वस्तूंचे मिजाज असतात. ऊद, मुश्क, अंबर, केशर हे गरम. खस, संदल, गुलाब, केवडा हे थंड. म्हणून हिना आणि शमामा थंडीत, खस, मोगरा, केवडा आणि गिल उन्हाळ्यात. गिल म्हणजे मातीचे अत्तर: भाजलेल्या मातीवर पहिला पाऊस पडल्याचा वास बाटलीत. तापलेल्या काळ्या रानावर मृगाची सर पडते तेव्हा जो वास उठतो, त्याच्यावर जीव टाकणारा वऱ्हाडी माणूस गिल सोडून ऊद लावतो, हे आम्हाला खरोखर उमगत नाही.

खस म्हणजे आपला वाळा. अबुल फजलने 'ऐन-इ-अकबरी'त या गवताच्या ताट्यांचे वर्णन केले आहे: पाणी शिंपडले की भर उन्हाळ्यात हिवाळा उतरतो, अशा अर्थाचे. दख्खनही मागे नव्हते. विजापुरात इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्यासाठी 'इत्र-इ-नौरस शाही' नावाचा ग्रंथ निव्वळ खुशबूवर लिहिला गेला. दरबाराचे जाऊ द्या, वाळ्याची जुडी माठात टाकणारी दादी कोणाच्या घरात नव्हती? तीच जुडी कपड्यांच्या पेटीत ठेवली की ईदचा कुर्ता आपोआप दरवळतो. त्याला डाग पडत नाही, डोके दुखत नाही, आणि शेजारी नाक मुरडण्याऐवजी विचारतो, कुठून आणलेत?

खुशबूच्या बाबतीत आपला जिल्हा दरिद्री नाही. कारंज्याला कस्तुरीची हवेली म्हणून एक वास्तू प्रसिद्ध आहे. सांगतात ते असे, की कस्तुरी लादलेले उंट घेऊन एक व्यापारी गावोगाव फिरत आला, एवढा माल घेणारा कोणी मिळेना, तेव्हा कारंज्याच्या जैन सावकाराने तो सगळा विकत घेतला आणि आपल्या वाड्याच्या चुन्यात कालवला. दंतकथा असेल. पण सावकार शहाणा म्हटला पाहिजे, कस्तुरी त्याने भिंतीला लावली, वैशाखात स्वतःच्या मानेला नाही. आणि आपले रोशा गवत? आपल्याकडे त्याला तिखाडी म्हणतात. वऱ्हाड-खानदेशच्या माळरानात ते आपोआप येते. एकोणिसाव्या शतकात या गवताचे तेल मुंबईहून तांबड्या समुद्राच्या बंदरांवरून तुर्कस्तानात जाई आणि तिथे गुलाबाच्या महागड्या तेलात मिसळले जाई. इस्तंबूलच्या गुलाबात आमच्या माळावरचे गवत होते, आणि आम्ही आज इस्तंबूलच्या नावाची बाटली हौसेने विकत घेतो.

आता एक अवघड गोष्ट. हे सगळे आम्ही पुरुषांविषयी बोलत आहोत, कारण खुशबू ही आपण पुरुषांची जहागीर करून टाकली आहे. बाईने घराबाहेर खुशबू लावून जाऊ नये, ही हदीस प्रत्येकाला पाठ. लोकांनी आपला वास घ्यावा या इराद्याने जी जाते, तिच्याविषयी ती आहे, हा शब्द मात्र वगळून पाठ. बरे, तो सावधपणा मान्य करू. मग त्याच मे महिन्यात त्याच बाईच्या अंगावर आपण पॉलिस्टरचा काळा बुरखा पाहतो, ज्यातून घाम बाहेर पडत नाही आणि हवा आत शिरत नाही, तेव्हा गप्प का बसतो? बुरखा घालायचा की नाही, हे तिचे तिने ठरवावे. पण कापड? सुती कापड दहा रुपयांनी महाग पडते म्हणून घरचा कर्ता 'चलता है' म्हणतो आणि स्वतःसाठी हजाराचा ऊद आणतो. इब्ने अब्बासांच्या रिवायतीतली लोकर आठवा. आज ती लोकर कोणाच्या अंगावर आहे? मोगऱ्याचा गजरा वऱ्हाडात मुसलमान बायकाही पिढ्यान्‌पिढ्या माळत आल्या. हल्ली काही घरांत त्यालाही 'आपल्यात चालत नाही' म्हणतात. कोणत्या किताबात, ते विचारले की उत्तर येत नाही.

आणखी एक नाक आहे, ते बाहेरचे. अत्तर म्हणजे मुसलमान, असे समीकरण काही लोकांनी डोक्यात बसवून घेतले आहे. एसटीत आपण शेजारी बसलो की खिडकी उघडणारे आम्ही पाहिले आहेत. हेच लोक लग्नात दारात उभे राहून पाहुण्यांच्या हाताला अत्तर लावतात, वर गुलाबपाणी शिंपडतात. अत्तर हा शब्द अरबीतून आलेला, गुलाबदाणी, अत्तरदाणी ही भांडी मराठी घरातली, आणि अत्तार हे आडनाव महाराष्ट्रात ज्याच्या-त्याच्या ओळखीचे. ही वस्तू दोघांची आहे. तिरस्काराला उत्तर म्हणून आमची काही तरुण पोरे दुप्पट ऊद लावतात, झेंडा फडकवावा तशी. काही पोरे उलट अत्तर पार सोडून देतात आणि ऑफिसला जाताना डिओडरंटचा अर्धा डबा अंगावर रिकामा करतात, म्हणजे कोणी ओळखू नये. दोघेही दुसऱ्याच्या नाकाने जगत आहेत. पहिल्याची आम्हाला चीड येते, दुसऱ्याचे वाईट वाटते.

उन्हाळ्यात खुशबू लावूच नये काय? जरूर लावावी. आंघोळ करून, अंग पुसून, कोरड्या त्वचेवर. घामावर कधीही नाही. कानामागे एक बोट, किंवा कानाच्या पाळीत कापसाचा फाया, जसा आमचे आजोबा ठेवीत. खस, केवडा, मोगरा, गुलाब. उन्हात काम असेल तर त्वचेऐवजी कपड्याच्या आतल्या शिवणीला, तेही डाग न पडणारे असेल तर. दुपारी पुन्हा लावण्याऐवजी पुन्हा तोंड-हात धुवावे. दिवसातून पाच वेळा वजू करणाऱ्याला हे सांगायला नको. आणि दुसऱ्याच्या मनगटावर बाटली फिरवण्यापूर्वी विचारावे.

पण आंघोळीला पाणी लागते, आणि एप्रिल-मे मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या वस्त्यांत टँकरमागे हंडे घेऊन धावाधाव असते. ज्या मोहल्ल्यात नळ चार-चार दिवसांनी येतो, तिथल्या हमालाला, रिक्षावाल्याला जुम्म्याच्या दिवशी दोन बादल्या पाणी मिळणे ही अत्तराच्या कितीतरी आधीची गोष्ट आहे. मशिदींच्या कमिट्यांनी गेल्या काही वर्षांत मिनार उंच केले, फरशीवर संगमरवर बसवला, झुंबरे टांगली. छपराखाली उष्ण हवा जायला झरोका नाही आणि कामावरून थेट आलेल्या माणसाला अंग धुवायला एक न्हाणी नाही. २०२५ साली बकरी ईद ७ जूनला होती. दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकत २०२८ ला ती मेच्या पहिल्या आठवड्यात येईल, म्हणजे ऐन होरपळीत. ईदगाहच्या दारात अत्तराची बाटली घेऊन उभे राहणारे दानशूर तेव्हाही असतील. त्यांनी त्याच पैशात ईदच्या आदल्या रात्री मोहल्ल्यात पाण्याचा एक टँकर उभा करावा, आणि ईदगाहच्या मांडवाला वाळ्याच्या चार ताट्या बांधून त्यांवर पाणी मारायला दोन पोरे ठेवावीत.