पाढे, पंक्चर आणि माझी एक चूक

मुलांनो, आज आधी माझी एक चूक सांगते. बाईंच्या चुका ऐकायला तुम्हांला किती आवडतं, ठाऊक आहे मला!

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. चौथीतला एक मुलगा सलग तिसऱ्या दिवशी पाढे पाठ न करता आला. माझा पारा चढला आणि मी बोलून गेले, "असाच राहिलास तर पुढे पंक्चर काढत बसशील!" वर्ग खो खो हसला. तो मात्र शांतपणे म्हणाला, "बाई, माझे बाबा पंक्चरच काढतात."

मला काय बोलावं सुचेना. त्याच आठवड्यात त्याच्या बाबांनी माझ्या स्कूटरचं पंक्चर काढून दिलं होतं, म्हणून तर मी शाळेत वेळेवर पोचले होते! ते वाक्य मी पुन्हा उच्चारलं नाही. पण खरं सांगा, तुमच्याही घरी ते ऐकू येतं की नाही?

हे आठवलं ते माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीमुळे. गेल्या वर्षी तिला दहावीला ७२ टक्के मिळाले. ती आईला घेऊन माझ्याकडे आली. तिला आयटीआयला इलेक्ट्रिशियन व्हायचं होतं. आई रडवेली. "बाई, तुम्हीच समजवा हिला. एवढे मार्क मिळवून आयटीआय? लोक म्हणतील, नापास झाली वाटतं. आणि मुलीच्या जातीनं काय खांबावर चढायचं?"

"आई, शिडी असते गं!" इति कन्या.

मी दोघींना बसवलं, चहा दिला. म्हटलं, हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. त्यासाठी दहावी गणित-विज्ञान घेऊन पास व्हावं लागतं, म्हणजे डोकं घरी ठेवून चालत नाही. घरातलं वायरिंग, मोटर, ट्रान्सफॉर्मर सगळं हाताने शिकायचं. पुढे कारखान्यात शिकाऊ उमेदवारी करता येते आणि तिथे विद्यावेतनही मिळतं. त्यासाठी १९६१चा कायदाच आहे. आणि आणखी शिकावंसं वाटलं, तर इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. हे शेवटचं ऐकून आईचा चेहरा जरा सैल झाला. "म्हणजे दार बंद होत नाही?"

नाही होत. मात्र मी एक अटही घातली. अर्ज भरण्याआधी दोघींनी त्या संस्थेची कार्यशाळा पाहून यायची. यंत्रं चालू आहेत की धूळ खात पडलीत, शिकवणारे जागेवर आहेत का, ते बघायचं. सगळ्याच संस्था सारख्या नसतात, बरं का.

मी स्वतः बारावीनंतर डी.एड. केलं. तेही कामाचंच शिक्षण की! तरी पाहुणे विचारत, "पदवी नाही का करायची?"

आता थोडं पालकांसाठी. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ठरलं होतं, की १९९५पर्यंत उच्च माध्यमिकच्या शंभरातल्या पंचवीस मुलांनी व्यवसाय अभ्यासक्रम घ्यावेत. १९९२मध्ये ती मुदत २०००पर्यंत वाढवावी लागली. कागदावर मुदत वाढते, पण आपल्या मनातली 'हुशारांची' आणि 'ढ मुलांची' रांग तशीच राहते, त्याचं काय?

पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात पाबळ नावाचं गाव आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग या शास्त्रज्ञाने मोठ्या कंपनीतलं संशोधनाचं काम सोडलं आणि १९८३मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांनी शाळांसाठी एक विषय तयार केला. त्यात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस हातांनी काम करतात. वेल्डिंग, वायरिंग, मातीची तपासणी, रोपवाटिका, पदार्थ बनवणं, अगदी रक्तगट तपासणंसुद्धा! आणि सामान किती लागलं, खर्च किती आला, याचा हिशोबही तीच मांडतात. गंमत म्हणजे तिथे हुशार आणि ढ असे दोन गट नाहीत. सगळ्यांच्याच हातात पाना.

तुम्ही सहावी ते आठवीत असाल, तर २०२०च्या नव्या धोरणात तुमच्यासाठी दहा दिवस दप्तराविना शाळा सांगितली आहे. त्या दिवसांत सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे जायचं. तुमच्या शाळेत ते कधी आहेत, सरांना विचारा. नसतील तर एखाद्या रविवारी स्वतःच गॅरेजमध्ये किंवा सुताराकडे जा, त्यांना कोणतं गणित लागतं ते पाहा आणि मला पत्राने कळवा.

हो, ती मुलगी आता इलेक्ट्रिशियनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तुकडीत मुली दोनच. घरातला पंखा तिने दुरुस्त केला, तेव्हा आईने शेजारणीला बोलावून दाखवला म्हणे!

आणि तो पाढे न येणारा? आता नववीत आहे. परवा रविवारी बाबांच्या दुकानात होता. माझ्या चाकांत हवा भरताना म्हणाला, "बाई, पुढे बावीस, मागे एकोणतीस. डबलसीट असाल तर मागे छत्तीस."

बाराचा पाढा विचारायचा मोह मी कसाबसा आवरला.

तुमच्या बाई