टीव्ही बिघडला नव्हता!

मागील खेपेस आम्ही विजेचे बिल कसे वाचावे याविषयी लिहिले होते. त्यावर बऱ्याच बंधू-भगिनींनी भेटून सांगितले की, असेच घरातले काहीतरी लिहीत जा. म्हणून या वेळी टीव्हीचा विषय घेतला आहे. विषय पोरखेळाचा वाटेल. परंतु त्यापायी एका घरात तीन दिवस चूल धड पेटली नाही, म्हणून तो लिहिणे आम्हास भाग आहे.

आमची धाकटी बहीण इथेच मंगळवेढ्यात दिली आहे. दाजी बाजार समितीत हमाली करतात. ज्वारीचा हंगाम असला की चार पैसे बरे मिळतात, नाहीतर ओढाताण ठरलेली. गेल्या वर्षी त्यांनी बत्तीस इंची टीव्ही हप्त्यावर घेतला. हप्ता सोळाशे रुपयांचा, त्यातले चार अजून बाकी आहेत.

गेल्या महिन्यात बहिणीची नणंद पुण्याहून आली. ती तिथे धुणेभांडी व स्वयंपाकाची कामे करते. तिने भाच्यासाठी एक जुना प्लेस्टेशन टू आणला. दोन रिमोट, चार सीड्या आणि पिवळी-लाल-पांढरी वायर. पोराला आकाश ठेंगणे झाले. डिशची वायर काढून त्याने खेळ जोडला आणि पाहतो तर काय, चित्र काळेपांढरे! मैदान करडे, खेळाडू करडे, प्रेक्षकही करडे.

दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याने दुरूनच पाहून सांगितले, "कलरचा आयसी गेला. बोर्ड बदलावे लागेल. साडेतीन हजार." झाले! दाजींनी पोराला दोन लगावल्या. पोर जेवेना, बहीण रडू लागली. रविवारी आम्ही गेलो तेव्हा जयभीम झाला, परंतु घरात कुणी कुणाशी बोलत नव्हते.

दाजी म्हणाले, "ते डबडं लावल्यापास्नं टीव्ही गेला बघा. चार हप्ते हायेत अजून. कुणाचं तरी उतरलेलं घरात आणायचंच कशाला?"

या शेवटच्या वाक्यात खरे दुखणे होते. साडेतीन हजार तर मोठेच, दोन हप्त्यांहून जास्त. पण त्याहून 'उतरलेलं' हा शब्द मोठा होता. ज्यांच्या आजा-पणज्यांनी उतरलेली कापडे आणि शिळ्या भाकरी घेतल्या, आणि १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितल्यावर उष्टे-शिळे सोडले, त्या घरातल्या माणसाला ही वस्तू खुपणारच. त्यात दाजींची चूक आम्हास वाटत नाही.

पण नणंदेला फोन लावला तेव्हा वेगळेच कळले. ती म्हणाली, "दादा, बाई फुकट देत होत्या. म्या नको म्हटलं. पगारातनं पाचशे कापा म्हटलं, तवा घेतला." दाजींनी फोन कानाला लावून हे ऐकले. काही बोलले नाहीत, पण तोंडावरची रेघ थोडी सैल झाली. विकत घेतलेली वस्तू उतरलेली नसते. जुनी असते इतकेच.

मग आम्ही विचार केला. आम्ही काही इंजिनिअर नव्हे. बी.कॉम. झालेले कारकून. परंतु जमाखर्चात चूक सापडत नसेल तर एकेक रक्कम तपासत जावे, हे आम्हास ठाऊक आहे. विचारले, "डिशवर रंग दिसतो का?" तर डिशचे रिचार्जच पंधरा दिवसांपूर्वी संपलेले. कुणी लावून पाहिलेच नव्हते! रिचार्ज नसले तरी डिशची सूचनेची पाटी पडद्यावर येते. डिशची वायर पुन्हा जोडली, तर पाटी झळकली चांगली निळी-लाल. म्हणजे रंग गेलेला नाही, बोर्डही गेलेले नाही. टीव्ही शाबूत आहे आणि घोळ जोडणीत आहे.

भाची नववीत आहे. तिने मोबाईलच्या उजेडात टीव्हीची पाठ पाहिली. तिथे पिवळे भोक नव्हतेच. हिरवे, निळे, लाल अशी तीन आणि बाजूला आवाजाची लाल व पांढरी अशी दोन होती. भाच्याने पिवळी पिन हिरव्यात घातली होती. आम्ही म्हणालो, "इथेच चुकले." भाची म्हणाली, "मामा, थांबा. हिरव्याखाली 'वाय' लिहिलंय आणि त्याच्या शेजारी 'व्हिडिओ' पण लिहिलंय." म्हणजे ते भोक दोन कामांचे होते आणि पोराने पिन बरोबर घातली होती! चूक आमची झाली, ते आम्ही कबूल केले. मग रिमोटवरचे सोर्सचे बटण दाबले. यादीत 'एव्ही' होते आणि 'कंपोनंट' होते. पोराने 'कंपोनंट' निवडलेले. भाचीने 'एव्ही' केले आणि मैदान हिरवेगार झाले. खर्च शून्य रुपये.

हे असे का होते ते समजून घेऊ, म्हणजे पुढल्या वेळी कुणी फसवणार नाही. चित्रात दोन गोष्टी असतात, उजेड आणि रंग. पिवळ्या वायरीत दोन्ही एकत्र कालवून पाठवलेले असतात. कंपोनंट पद्धतीत मात्र उजेड हिरव्या वायरीने येतो आणि रंगाची माहिती निळ्या व लाल वायरीने. टीव्हीला 'कंपोनंट' सांगितले की तो हिरव्या भोकातून फक्त उजेड घेतो आणि रंगासाठी निळ्या-लाल भोकांकडे पाहतो. ती रिकामी, म्हणून चित्र काळेपांढरे. टीव्हीने सांगितलेले कामच केले, त्याचा दोष नाही.

आमच्या लहानपणी, १९९० नंतरच्या काळात, हा खेळ निराळ्या रूपात होता. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली फॅमिकॉम नावाचे यंत्र काढले. त्याच्या स्वस्त नकला आपल्याकडे गावोगाव आल्या. काडतुसासारखी कॅसेट वर खोचायची आणि मारिओ किंवा कॉन्ट्रा खेळायचा. आम्ही तासाला पैसे मोजून दुसऱ्याच्या घरी खेळलो आहोत. तेव्हा खेळ अँटेनाच्या भोकात जोडत. यंत्र चित्र-आवाज एकत्र करून, जणू लहानसे दूरदर्शन केंद्रच असल्यासारखे, एका चॅनेलवर सोडी आणि आपण टीव्हीवर तो चॅनेल शोधत बसू. मुंग्या येत, सावल्या पडत. त्या मानाने पिवळी वायर चांगली. पिवळीपेक्षा तीन वायरींची कंपोनंट चांगली. आणि आजची एचडीएमआय सर्वांत सोपी. तिच्यातून चित्र आणि आवाज आकड्यांच्या रूपात एकाच वायरीने जातात.

असो. रंग आला, पण क्रिकेट लावल्यावर पोराच्या दोन तक्रारी निघाल्या. खेळाडू जाडे दिसतात, आणि चेंडू गेल्यावर बॅट फिरते.

जाडेपणाचे कारण सोपे आहे. जुन्या टीव्हीचा पडदा चारास तीन या मापाचा होता, नव्याचा सोळास नऊ. टीव्ही चित्र दोन्ही बाजूंनी ओढून भरतो. रिमोटवरून चित्राचे माप चारास तीन केले की माणसे माणसासारखी दिसतात. बाजूला काळ्या पट्ट्या राहतात, त्या राहू द्याव्यात.

बॅट उशिरा फिरते कारण नवा टीव्ही आलेले चित्र आधी सजवतो, मग दाखवतो. सिनेमा पाहताना ते कळत नाही, खेळात मात्र विकेट जाते. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम' असे काही असेल तर ते चालू करावे. नसेल तर चित्र सजवण्याच्या सोयी बंद कराव्यात. 'शार्पनेस'ही कमी करावा. तो वाढवला की चित्र स्पष्ट होते हा गैरसमज आहे. जुन्या खेळात त्याने कडांना पांढऱ्या रेघा तेवढ्या येतात.

पुढच्या आठवड्यात कचेरीच्या कामाने सोलापूरला गेलो, तेव्हा प्लेस्टेशन टूची कंपोनंट वायर अडीचशे रुपयांना आणली. तिला पाच पिना असतात : हिरवी, निळी व लाल चित्राची, आणि लाल व पांढरी आवाजाची. दोन लाल असल्याने घोटाळा होतो. चित्राची लाल निळ्याच्या जोडीला, आवाजाची लाल पांढऱ्याच्या जोडीला. आणखी एक खबरदारी. यंत्राच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये 'कंपोनंट व्हिडिओ आऊट' असते. तिथे 'आरजीबी' असेल तर नव्या वायरीवर रंग चुकीचे येतात. म्हणून पिवळी वायर जोडलेली असतानाच ते 'वाय, पीबी, पीआर' या पर्यायावर करावे आणि मगच वायर बदलावी. आता टीव्हीचा सोर्स खरोखरच 'कंपोनंट' करायचा. जे आधी चूक होते ते आता बरोबर! आमच्याकडे अक्षरे ठळक झाली आणि लाल कपड्यांच्या कडा फिसकटायच्या थांबल्या.

तरीही भलती आशा धरू नये. प्लेस्टेशन टू निघाला २००० साली. जगभर पंधरा कोटींहून अधिक विकला गेला आणि २०१३ च्या सुमारास त्याचे उत्पादन थांबले. तो जुन्या काचेच्या टीव्हीसाठी बनवलेला. त्याचे चित्र पाचशेच्या आसपास रेषांचे, आणि आजच्या पडद्यांत हजारांहून अधिक रेषा असतात. लहान चादर मोठ्या पलंगावर ओढली की ताण दिसणारच.

वाचकांच्या घरी परिस्थिती निरनिराळी असेल, म्हणून थोडक्यात सांगतो.

ज्या टीव्हीला फक्त एचडीएमआय आहे, त्यांना काही शे रुपयांत मिळणारी छोटी डबी लागते. घेताना दिशा पाहा. डबीवर 'एव्ही टू एचडीएमआय' हवे. उलटी डबी दिसायला तशीच असते, पण कामाची नाही. तिला मोबाईलच्या चार्जरसारखी वीज लागते. आणि ती चित्र सुधारत नाही, फक्त जोडून देते.

काही टीव्हींना हेडफोनसारखे एकच बारीक भोक असते व तीन शेपट्यांची वायर लागते. बाजारातल्या वायरींत आतली जोडणी सारखी नसते. चित्र येत नसेल आणि स्पीकर गुरगुरत असेल, तर पिवळी पिन लाल किंवा पांढऱ्या शेपटीला लावून पाहा. बऱ्याचदा वायर बदलावी लागत नाही.

जुना कॉम्प्युटरचा मॉनिटर असेल तर सावध राहा. त्याला रेषा सेकंदाला एकतीस हजारांच्या वेगाने लागतात. जुना खेळ देतो त्याच्या निम्म्या, साडेपंधरा हजारांच्या आसपास. म्हणून नुसत्या वायरीने जमत नाही, मध्ये डबी लागते. एचडीएमआयचा मॉनिटर असेल तर चित्र येईल, पण पुष्कळ मॉनिटरांत स्पीकर नसतो.

कुणाकडे जुना काचेचा टीव्ही असेल तर तो भंगारात घालू नये. जुन्या खेळाला त्याच्याइतका चांगला पडदा नाही, बॅट क्षणाचाही उशीर करत नाही. त्यावर चित्र काळेपांढरे आले तर रंगाची पद्धत तपासा. आपल्याकडे १९८२ साली रंगीत दूरदर्शन आले ते 'पाल' पद्धतीचे. जपान-अमेरिकेचे यंत्र 'एनटीएससी' पद्धतीचे असते. सेटिंगमध्ये 'ऑटो' केल्यास कित्येकदा रंग येतो. मात्र असा टीव्ही घरी कधीही उघडू नये. आत हजारो व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ राहतो. मुलांना हे बजावून सांगा.

आणि एचडीएमआयची दोन हजारांची वायर कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. चार-सहा फुटांपर्यंत दोनशेची धड वायर तेच चित्र देते.

दुरुस्तीवाल्यांवर आमचा राग नाही. तीही हातावर पोट असणारी माणसे, आणि त्यातली बरीचशी प्रामाणिक आहेत. परंतु पैसे मोजण्यापूर्वी तीन गोष्टी घरीच पाहाव्यात. दुसरे काही जोडून पाहा, पिन कुठे आहे ते पाहा, सोर्स कोणता आहे ते पाहा. त्याला दहा मिनिटे लागतात. त्या दहा मिनिटांत साडेतीन हजार वाचले, आणि नाहक मार खाल्लेल्या पोराची बाजू खरी ठरली.

मागच्या रविवारी पुन्हा गेलो होतो. अभ्यास झाल्यावर एक तास खेळ, असा नियम भाचीने वहीत लिहून भिंतीला लावला आहे. दाजी पोत्यांनी सोललेल्या हातात रिमोट धरून क्रिकेट खेळत होते. पहिल्याच चेंडूवर बाद झाले. पोर म्हणाले, "आबा, आता टीव्हीला बोल लावू नका. गेम मोड चालू हाय." दाजी हसले. मग त्याच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाले, "चुकलं माझं." आमच्या वस्तीत बापाच्या तोंडून हा शब्द फारसा ऐकू येत नाही. तो ऐकायला मिळाला, हा आमचा खरा नफा.

पुढील अंकी हप्त्याच्या कागदावरील बारीक अक्षरे कशी वाचावी ते पाहू.