लस आणि लाज

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने एखादी स्त्री दगावली, की ‘पोटाच्या दुखण्याने गेली’ एवढेच सांगावयाचे, असा आपल्याकडील प्रघात आहे. साताऱ्याच्या पेठेतील जुना वाडा असो की सांगलीतील नवी वसाहत असो, सुशिक्षित घरांतूनही या रोगाचे नाव उच्चारले जात नाही. ही सभ्यता नव्हे, हा संकोच होय. आणि त्याची किंमत उद्या आपल्या मुलींना मोजावी लागेल, म्हणूनच या विषयास आम्ही आज येथे स्थान देत आहोत.

या कर्करोगाच्या मुळाशी मानवी पॅपिलोमा विषाणू, म्हणजेच एचपीव्ही, असतो. हे दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात २०२२ साली सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा रोग जडला आणि सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे.

हा विषाणू मुख्यत्वे शरीरसंबंधातून पसरतो, एवढे कानावर पडताच ‘आमच्या दहा वर्षांच्या मुलीस याचे काय काम?’ असे म्हणून पालक विषय मिटवितात. परंतु या विषाणूचे २०० हून अधिक प्रकार आहेत. शाळकरी मुलांच्या हातापायांवर उठणाऱ्या चामखिळी हे याच कुळातील सौम्य प्रकारांचे कार्य, आणि ते साध्या स्पर्शाने पसरतात. इतकेच नव्हे, तर तान्ह्या बाळांच्या आणि पौगंडावस्थेपूर्वीच्या मुलांच्या तोंडातही काही प्रमाणात हा विषाणू संशोधकांना आढळला आहे. त्यांत कर्करोगास कारण होणारा १६ क्रमांकाचा प्रकारही असतो. प्रसूतीच्या वेळी तो मातेकडून बाळाकडे जाऊ शकतो. बहुतेक मुलांचे शरीर त्यास आपोआप परतवून लावते. तेव्हा घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र लहान मुलाच्या गुप्तांगावर चामखिळी दिसल्यास त्या लपवू नयेत, डॉक्टरांस दाखवाव्यात. प्रत्येक वेळी नसले, तरी कधी कधी ते अत्याचाराचे चिन्ह असते. अशा वेळी मौन पाळणे म्हणजे अपराध्यास पाठीशी घालणे होय.

यातून दोन गोष्टी सिद्ध होतात. पहिली ही, की हा विषाणू म्हणजे कोणाच्या चारित्र्याचा दाखला नव्हे. दुसरी ही, की लस देण्याची खरी वेळ पौगंडावस्थेच्या आधीची. लस झालेला संसर्ग बरा करीत नाही, होणारा टाळते. आणि ९ ते १४ या वयात शरीर तिला उत्तम प्रतिसाद देते. पुणे व बार्शी या केंद्रांचाही समावेश असलेल्या भारतीय अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. एकच मात्रा मिळालेल्या मुलींनाही १६ व १८ या प्रकारांच्या चिवट संसर्गापासून सुमारे ९५ टक्के संरक्षण लाभल्याचे त्यांत दिसले. पुण्याच्या सीरम संस्थेची देशी लसही २०२३ साली बाजारात आली.

पालकांच्या मनातील शंका आम्ही हसण्यावारी नेणार नाही. खम्मम आणि वडोदरा येथे २००९-१० साली राबविलेल्या लस प्रकल्पात पालकांची संमती नीट घेतली गेली नाही, म्हणून संसदीय समितीने २०१३ साली कठोर ताशेरे ओढले. त्या काळात झालेल्या मुलींच्या मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत प्रस्थापित झाला नाही. तरीही विश्वास ढळला तो ढळलाच. यावरून घ्यावयाचा धडा लस नाकारण्याचा नव्हे. आधी समजावून सांगण्याचा, मग संमती घेण्याचा आणि त्यानंतरच सुई टोचण्याचा आहे.

हे कार्य शाळेइतके चांगले दुसरे कोण करील? कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, ती बहुजनांच्या दारी ज्ञान पोहोचावे म्हणून. कऱ्हाड आणि मिरज ही तर वैद्यकीय शिक्षणाची केंद्रे. तेथील डॉक्टरांनी शाळाशाळांतील पालक-सभांतून सोप्या मराठीत हा विषय मांडावा; सभेस केवळ मातांनी नव्हे, पित्यांनीही उपस्थित राहावे. मुलीला लस द्यावी, आणि आईने स्वतःची तपासणी करून घ्यावी. लस घेतलेल्या मुलींनीही पुढे योग्य वयात तपासणी टाळू नये.

देवीच्या साथीस एके काळी दैवी कोप मानणाऱ्या याच समाजाने अखेर दंड पुढे केला, आणि १९७७ साली भारत देवीमुक्त घोषित झाला. कोपाच्या भीतीवर ज्यांनी मात केली, त्यांना लाजेवर मात करता येऊ नये काय?